सयाजीच्या पाठचा विस्तव

१७ जुलै १९१८, बुधवार

आज नातीचं बारसं झालं. इंदिरा नाव ठेवलं. बारा दिवसांची आहे आणि तिचे कान अगदी माझ्यासारखे आहेत. हे मी आमच्या चामराजपुरम आळीतल्या निम्म्या बायकांना सांगून झालं, एकीनंही हो म्हटलं नाही. नसेना का. मला दिसतात.

म्हणून ही वही काढली. वही माझ्या धाकट्याची, रणोबाची, शाळेतली. पुढं त्यानं निळ्या शाईनं नद्या काढल्यात, मागची पानं कोरी आहेत. मला अक्षरं माझ्या भावानं शिकवली, पण जोडाक्षरांपर्यंत पोचायच्या आत माझं लग्न लागलं. ती मग मी देवळातल्या पाट्या बघून आपली आपण शिकले. चुकली तर कोण बघतंय? वाचणारी मीच. इंग्रजी तारीख मालती सांगते, ती चार इयत्ता शिकली आहे.

मालती म्हणजे रणोबाची बायको, इंदूची आई. रणोबा राजवाड्याच्या पागेत खोगिरं शिवतो. घरात चौथे माझे दीर, दत्तोजीराव भावोजी, शिलेदारांतले जुने जमादार. मालक गेल्यापासून घरातला शब्द त्यांचा. आणि घरातलाच पण घरात नसलेला, माझा थोरला, सयाजी. महाराजांच्या लान्सर, म्हणजे भालेवाल्या घोडेस्वारांच्या, पलटणीत दफेदार आहे. येत्या दसऱ्याला चार वर्षं होतील, घोडा घेऊन समुद्रापार गेला, मिसर देशाच्याही पुढं, तुर्काशी लढायला. त्याची बायको प्लेगात गेली, मूलबाळ नाही. तेव्हा इंदू म्हणजे या घरातलं पहिलं नातवंड. मी आजी झाले! हे लिहिताना एकटीच हसते आहे.

भावोजी मात्र पाळण्याकडं न बघता म्हणाले, "लढाईच्या दिवसांत मुलगी."

मी म्हटलं, "मग काय तोफ व्हायला हवी होती?"

मालती पदरात तोंड घालून हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली.

२४ जुलै, बुधवार

इंदू आज शिंकली. दोनदा.

भावोजींनी पडवीत खडूनं फ्रान्स देश काढलाय. चिंचोके म्हणजे जर्मन, अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, बिया म्हणजे इंग्रज आणि फ्रेंच. संध्याकाळी शेजारचे हयग्रीव मास्तर मद्रासचा इंग्रजी बातम्यांचा कागद घेऊन येतात, कन्नडमध्ये अर्थ सांगतात, आणि भावोजी बिया सरकवतात. मला केर काढताना फ्रान्स देश वगळून काढावा लागतो. गेल्या महिन्यात एक शहर माझ्या झाडूखाली गेलं तर दोन दिवस बोलले नाहीत.

मी तांदूळ निवडत ऐकते. कळलं ते असं. रशियाशी तह झाला म्हणून जर्मनाची तिकडची माणसं मोकळी झाली. ती आगगाडीत घालून त्यानं इकडं आणली. अमेरिकेची फौज पोचायच्या आत सगळा जोर एकदाच लावायचा, हा त्याचा बेत. मार्चपासून पाच वेळा धडक मारली. पाचवी गेल्या आठवड्यात, आणि ती फसली. प्रत्येक वेळी पुढं जातो, पण जेवढा पुढं जातो तेवढा विरळ होतो.

मी म्हटलं, "कणीक थोडी आणि लाटायला घेतलंय मोठं. मध्ये भोक पडणारच की."

"वहिनी, लढाई म्हणजे पोळी नव्हे."

पण उठताना मास्तरांना सांगताना ऐकलं मी, "कणीक कमी पडली हो त्याची."

दुसरा बेत समुद्रातला. पाण्याखालून चालणाऱ्या बोटी सोडायच्या, विलायतेला जाणारं धान्य बुडवायचं, की इंग्रज सहा महिन्यांत भुकेनं हात जोडतो. दीड वर्ष झालं त्याला. इंग्रज काही भुकेला दिसत नाही. भुकेले आम्ही. तांदूळ मिळेनासा झालाय, रॉकेल नाही, काडेपेटी तर देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू झाली आहे. कुठली बोट कुठं बुडते आणि माझ्या घरात अंधार पडतो.

१२ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

उपास. दुपारपासून डोकं दुखतंय.

भावोजी आज फार खुशीत. जर्मनाचा कणा मोडला म्हणाले. एका दिवसात त्याची माणसं हजारांनी हात वर करून आली. निम्मे चिंचोके उचलून त्यांनी डब्यात टाकले.

मास्तर म्हणाले, "मग संपलं की, जमादारसाहेब."

"कुठलं संपतं! त्याचं आरमार अख्खं आहे." भावोजींनी कोपऱ्यातला शंख आणून फ्रान्सच्या डोक्यावर ठेवला. "डोंगराएवढी जहाजं. दोन वर्षं झाली, बंदरात बांधून ठेवलीत. जमिनीवर हरला तर ती तशीच हवाली करील? कधीच नाही. शेवटी सगळी एकदम बाहेर काढील. जिंकायला नाही. मास्तर, मान राखायला. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं."

"आणि वर बसलेली माणसं?" मास्तरांनी विचारलं.

"ती त्यासाठीच असतात."

बोलताना त्यांची मिशी थरथरत होती. भावोजींनी बत्तीस वर्षं नोकरी केली, दसऱ्याच्या स्वारीत तीस वेळा घोडा चालवला, एकदासुद्धा झूल वाकडी झाली नाही. लढाई मात्र कधी वाट्याला आली नाही. चौदा साली पलटण निघाली तेव्हा नवा अंगरखा शिवून बंगळूरला गेले होते. वय झालंय म्हणून साहेबानं पाठीवर हात ठेवून परत पाठवलं. तो अंगरखा पेटीत आहे. मी दर पावसाळ्यानंतर उन्हात घालते.

इंदू माझं बोट धरते. सोडत नाही. किती जोर!

२ सप्टेंबर, सोमवार

आज फार थकले. लिहायचं नव्हतं, पण थकव्याबद्दलच लिहिते.

आमच्या घराण्याची एक रीत आहे. पुरुष मोहिमेवर गेला की त्याच्या पाठीमागं चुलीतला विस्तव विझू द्यायचा नाही. तो परत उंबऱ्यात येईपर्यंत. संध्याकाळचा स्वैपाक झाला की निखारे गोळा करायचे, वर शेणी ठेवायची, राखेनं झाकायचं, आणि पहाटे राख बाजूला करून फुंकायचं. घरातल्या वडील बाईनंच करायचं. सयाजी गेला त्या दिवसापासून मी एकदाही माहेरी राहिले नाही, श्रीरंगपट्टणला नदीवर गेले तरी जेवायच्या आत परत. चार वर्षांत सलग झोप अशी नाहीच. मध्येच वाटतं गेला, उठते, हात राखेवर धरते. ऊब असते.

मालती एकदा म्हणाली, "आत्याबाई, मी बघते आज, तुम्ही झोपा." मी नाही म्हटलं. तिच्यावर विश्वास नाही असं नाही. पण माझ्या हातून चाललंय ते माझ्या हातूनच चालू दे, असं वाटतं. भित्री आहे मी.

पूर्वीच्या बायका कशा करायच्या कोण जाणे. पूर्वीच्या लढाया लहान असतील.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आनंद! आमच्या घोड्यांनी हैफा नावाचं गाव घेतलं. समुद्राकाठचं गाव, वर डोंगर, डोंगरावर तोफा, आणि आमच्या पोरांनी भाले पुढं करून घोडे घातले. जोधपूरचे आणि आपले. तोफांवर जर्मन होते असंही मास्तर म्हणाले. गल्लीत साखर वाटली, म्हणजे गूळ, साखर कुठली.

भावोजी पडवीतून आत, आतून पडवीत. फ्रान्स पुसून टाकला, तिथं हैफा काढलं. "सयाजी कुठल्या बाजूनं गेला असेल?" एकट्यानंच विचारायचं, एकट्यानंच सांगायचं, "या नाल्यातून. नाही, इकडून." मग तसेच बसून राहिले. दिवा लागला तरी उठले नाहीत. मी म्हटलं, "भावोजी, आनंदाचा दिवस आहे."

"होय की," म्हणाले. "माझी बत्तीस वर्षं आणि त्याचा एक दिवस."

त्यांनी कौतुकानंच म्हटलं. पुतण्याचा अभिमान असणारच.

सयाजीची चिठ्ठी अजून नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

दसरा झाला. कसला दसरा. गावात तापाची साथ आली आहे. सकाळी खोकला, संध्याकाळी नाकातून रक्त, तिसऱ्या दिवशी माणूस नाही. हयग्रीव मास्तरांच्या आई गेल्या. तिरडीला चार माणसं मिळेनात, भावोजी आणि रणोबा गेले. मास्तर तरी दहाव्या आधीच कागद घेऊन आमच्या पडवीत बसले. मला म्हणाले, "घरात बसवत नाही, गोदावरम्मा."

खंडेनवमीला तलवार पुजली. भावोजींनी तलवारीवर हात ठेवून सांगितलं, की पलटणीला माणसं हवीत, बंगळूरहून नवी तुकडी निघते आहे, आणि त्यांनी रणोबाचं नाव कळवलंय. बारा नोव्हेंबर, मंगळवारची गाडी. बंगळूरला शपथ, तिथून मुंबई, मुंबईहून बोट.

मला आधी आनंदच झाला. खरं सांगते. दोन्ही मुलगे घोड्यावर! मालक असते तर! मग पूजेचं तबक तिथंच विसरून आत गेले. पण ते उपासानंही असेल.

रणोबानं नुसता तलवारीला नमस्कार केला. तो लहानपणापासून असाच, मनातलं चेहऱ्यावर येऊ देत नाही. जेवताना दोन घास खाल्ले आणि उठला. परसात जाऊन ओकला. म्हणाला, "दसऱ्याचं गोड सोसलं नाही, आई." मग खोगिराचा एक पट्टा घेऊन बसला, शिवायचा, उसवायचा, पुन्हा शिवायचा. किती नीटस काम करतो!

मालतीनं विचारलं, "आत्याबाई, दुसरा माणूस निघतो तेव्हाची रीत काय असते?"

शिकायची इच्छा बघून मला बरं वाटलं. सांगितलं तिला. पहिल्यासाठी राखलेल्या विस्तवाची चिमूट राख फडक्यात बांधायची आणि निघणाऱ्याच्या कमरेला लावायची. त्या राखेशिवाय दुसऱ्यानं उंबरा ओलांडायचा नाही.

"आणि विस्तव गेला असला तर?"

"तर पहिला परत येईपर्यंत कुणी निघायचं नाही. पण जातोय कशाला, मी आहे ना!"

तिनं इंदूला छातीशी धरलं आणि आत गेली.

२० ऑक्टोबर, रविवार

देवा, कुणाला सांगू. वहीलाच सांगते.

परवा मला ताप भरला. काल संध्याकाळी उभं राहवेना. मालती म्हणाली, "मी झाकते निखारे." हो म्हणावं लागलं. पहाटे भिंत धरून स्वैपाकघरात गेले, राखेवर हात ठेवला. गार. आणि ओली. चुलीत पाणी. शेणी भिजून लगदा झालेली. काळं पाणी चुलीच्या तोंडातून खाली ओघळलेलं.

चार वर्षांत पहिल्यांदा.

पाऊस झाला होता थोडा. कौलांतून गळलं असणार. वर बघितलं तर कौल कोरडं दिसलं, पण माझे डोळे तापानं नीट कुठं दिसत होते! मग तांब्या तिथंच कलंडलेला दिसला. मांजर. मांजरानंच पाडला. या गल्लीतली मांजरं उपाशी आहेत, काय करतील.

सयाजी, माझ्या बाळा, तुझ्या घोड्याला काही होऊ नये.

देव्हाऱ्यातून काडेपेटी घेतली. तीन काड्या होत्या. हात राखेनं ओले होते, दोन वाया गेल्या. तिसरी लागली. तेवढ्यात दारात मालती. पोर खांद्याला.

"पेटवू नका, आत्याबाई," म्हणाली. "पाया पडते. राहू द्या."

किती काळजी माझी! तापात मी वाकलेली तिला बघवेना. मी म्हटलं, "अगं, गेलाय विस्तव. कुणाला बोलू नको. मांजरानं पाणी सांडलं." ती चुलीकडं बघत राहिली आणि रडायला लागली, अशी रडली, की मलाच तिला धरावं लागलं. म्हटलं, "तुझा काय दोष? तू तर नीट झाकला होतास."

आता चुलीत जाळ आहे. पण तो काडीचा आहे. सयाजीचा नाही. हे मला आणि मालतीलाच ठाऊक.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ताप उतरला. पायांत जीव नाही.

सयाजीचं कार्ड आलं! दमास्कस नावाच्या गावाहून. खुशाल आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांना लागलं होतं, बरं झालं. त्याचा घोडा हैफात पडला, दुसरा मिळाला, तो फार खोड्या करतो. बाळाचं नाव काय ठेवलं विचारलंय. मी कार्ड सगळ्या आळीला दाखवलं.

मग मालतीला तारीख वाचायला लावली. चार ऑक्टोबर. विस्तव गेला वीसला. म्हणजे कार्ड विस्तवाच्या आधीचं. त्यावरून काहीच कळत नाही.

पुन्हा वाचायला लावलं. चारच.

४ नोव्हेंबर, सोमवार, पाडवा

दिवाळी झाली. तेल नाही, पणत्या पाचच लावल्या.

तुर्कानं शस्त्र खाली ठेवलं. परवा बातमी आली. मी देवापुढं गूळ ठेवला आणि पडवीत जाऊन म्हटलं, "भावोजी, ज्याच्याशी आपली पलटण लढत होती तोच बसला. मग आता रणोबा कुणाशी लढणार?"

"जर्मन उभा आहे अजून."

"तो तह मागतोय म्हणाले मास्तर."

"तोंडानं मागतोय. जहाजं बंदरात आहेत तोवर माझा विश्वास नाही. ती निघणार, वहिनी. तुम्हाला काय कळतं. ज्याला मान आहे तो शेवटी घरात बसत नाही."

रणोबा उंबऱ्यावर बसला होता. मान खाली. मला एकाएकी तो सात वर्षांचा दिसला, शाळेत जायचं नाही म्हणून असाच बसायचा. काय झालं माझं मला कळेना, मी बोलून गेले.

"भावोजी, राख नाही."

"कसली राख?"

"सयाजीच्या विस्तवाची. विस्तव गेला. पंधरा दिवस झाले. मी तापात होते, मांजरानं पाणी सांडलं. चुलीत आहे तो काडीचा जाळ आहे. मी लपवलं. खोटी राख मी पोराच्या कमरेला बांधणार नाही. रीतीप्रमाणं आता सयाजी येईपर्यंत कुणी निघायचं नाही."

मला वाटलं होतं ते मारायला उठतील. ते फक्त पांढरे झाले. म्हणाले, "चार वर्षं तुम्ही राखलात, आणि आता?" मी पदर तोंडाला लावला. मग खाकरून म्हणाले, "बायकांची रीत आहे ती. साहेबाच्या कागदावर रीत नसते. भटजींना बोलवा, शांत करून घेऊ. आग ती आग. मंगळवारची गाडी रणोबा धरणार."

उभा जन्म ज्यांनी रीत सोडून पाणी प्यायलं नाही, ते भावोजी असं म्हणाले! सांगून काही झालं नाही. बोल मात्र माझ्यावर आला. रणोबानं माझ्याकडं बघितलं आणि उठून परसात गेला.

मालती माझ्या पायाशी येऊन बसली. "आत्याबाई, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"अगं, आपलंच मांजर," मी म्हटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

लाडू वळले, नाचणीचे. बोटीवर टिकतील. कपडे शिवून झाले. भावोजींनी पेटीतला आपला अंगरखा काढून रणोबाला घालायला दिला. खांद्यात बरोबर बसला, बाह्या आखूड. मालतीला बाह्या उसवायला सांगितलं. तिनं अंगरखा मांडीवर घेतला, सुई हातात, आणि संध्याकाळपर्यंत एक टाका नाही. इंदूला दूध कमी पडतंय. मेथी द्यावी का तिला?

इंदू आज पालथी पडली! आपण होऊन! सगळ्यांना हाका मारल्या. रणोबा धावत आला, बघितलं, पुन्हा सुलटी केली, पुन्हा पालथी झाली. असं दहा वेळा. मग तिथंच जमिनीवर तिच्या शेजारी पालथा पडून राहिला.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचं नीट लिहायला हवं. सगळं लिहिते.

मास्तर चार वाजता आले. धावत. उपरणं एका खांद्यावरून लोंबतंय. "जमादारसाहेब, तुमची जहाजं!"

भावोजी उठून उभे राहिले. "निघाली?"

"नाही."

"मग?"

मास्तर बसले, पाणी मागितलं, कागद उघडला. बोट ठेवून वाचायचे आणि सांगायचे. जर्मनाच्या आरमाराला बाहेर पडायचा हुकूम आला होता, गेल्या महिनाअखेरीला. तहाचं बोलणं वर चालू असताना. अगदी भावोजी म्हणाले होते तसंच. सगळी जहाजं एकदम, इंग्रजाच्या अंगावर, शेवटचं.

भावोजींनी माझ्याकडं बघितलं, बघा, सांगितलं नव्हतं, अशा नजरेनं. मग मास्तर पुढं सांगू लागले. जहाजं हलली नाहीत. जहाजाच्या तळाला भट्ट्या असतात, माणसं त्यांत दगडी कोळसा घालतात, त्यावर जहाज चालतं. त्या माणसांनी भट्ट्या विझवल्या. काहींना धरून कैदेत टाकलं, तर बाकीच्यांनी बंदरात मोर्चा काढून त्यांना सोडवायला सुरुवात केली. आता म्हणे गावंच्या गावं त्यांच्या बाजूची.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"मास्तर, त्यांनी काय केलं म्हणालात?"

मालती! पुरुषांत कधी शब्द न काढणारी मालती, पोर कडेवर घेऊन दारात उभी. मी डोळे मोठे केले, पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

मास्तर चांगले आहेत. त्यांनी सरळ सांगितलं, "विस्तव काढून टाकला, अम्मा. विस्तव नाही तर जहाज निघत नाही."

"हं," मालती म्हणाली.

भावोजींनी विचारलं, "कुणाच्या हुकमानं?"

"कुणाच्याच नाही. आपल्या मनानं."

भावोजी वळले आणि मालतीकडं बघू लागले. किती तरी वेळ. तिच्याकडं, मग तिच्या मागं चुलीकडं, मग पुन्हा तिच्याकडं. ती खाली बघेना. एरवी हे चुलत मामंजी समोर आले की तिचा पदर नाकापर्यंत येतो, आज सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत उभी. ओठ पांढरे झाले होते. मला वाटलं आता आभाळ कोसळतं, पुरुषांत बोलली म्हणून. मी मध्ये पडायला उठतच होते.

तर भावोजी खाली बसले. एकदम म्हातारे दिसले मला. मास्तरांना म्हणाले, "त्या भट्टीवाल्यांना मुलंबाळं असतील?"

"कागदात तसं लिहिलेलं नाही, जमादारसाहेब."

"असतील," भावोजी म्हणाले.

मग रणोबाला हाक मारली. तो पागेतून नुकताच आला होता, हातात सुया-दाभण. "रणोबा, मंगळवारची गाडी आपल्या कामाची नाही. मी बंगळूरला लिहितो, घरात विस्तव गेलाय, माणूस निघत नाही. साहेबाला कळेल न कळेल." रणोबा तिथंच भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पोराची केवढी निराशा झाली असेल! एवढी तयारी केली होती. पण मी देवापुढं हात जोडले, खोटं कशाला सांगू.

मी भावोजींना म्हटलं, "माझ्या चुकीनं झालं सगळं."

"तुमच्या नाही, वहिनी," म्हणाले. "मांजराच्या." आणि मालतीला म्हणाले, "आण तिला इकडं."

चार महिने झाले, त्यांनी इंदूला घेतलं नव्हतं. आज मागून घेतली. खोगीर धरावं तशी दोन्ही हातांनी धरली, लांब. मी सांगितलं जवळ घ्या, तर घेतली जवळ. तिनं मिशी ओढली. बत्तीस वर्षांत त्या मिशीला कुणी हात लावला नव्हता! मला हसू आवरेना, मास्तरांनाही. भावोजी हसले नाहीत, पण सोडवूनही घेतली नाही.

संध्याकाळी चुलीपाशी मालती म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला एक सांगायचंय."

मी म्हटलं, "उद्या सांग. आज माझं मन भरलंय, त्यात आणखी काही मावायचं नाही."

तिनं शेणी हातात घेतली. मग म्हणाली, "बरं. पण थोरल्या भावोजींसाठी विस्तव आजपासून मी राखते. ते लढाईवरून येईपर्यंत. काडीचा असला तरी. तुम्ही झोपा."

तिचा चेहरा बघितला. चार वर्षांत हे काम मी कुणाला दिलं नाही. सयाजी कुठं आहे, कसा आहे, वीस तारखेनंतरचं काही ठाऊक नाही. पण तिनं शेणी ज्या नेटानं ठेवली, राख ज्या जपून ओढली, ते बघून मला वाटलं, हिच्या हातून विस्तव जायचा नाही.

फुंकणी दिली तिच्याकडं. आता झोपते.